विकी : सर्वांनी मिळून लिहावयाची वही

शाळेच्या कपाटात वह्यांना तोटा नसतो. हजेरीपट, दाखल-खारीज नोंदवही, आवक-जावक, टाचणवही, सूचनावही, शेरेबुक अशी त्यांची ओळ लागलेली असते. प्रत्येक वहीत कोणी लिहावयाचे हेही ठरलेले असते. हजेरीपट वर्गशिक्षक भरतात, सूचना मुख्याध्यापक काढतात आणि शेरेबुकात भेटीस आलेले अधिकारी अभिप्राय नोंदवितात. परंतु शाळेचे खरे अनुभवज्ञान यांपैकी कोणत्याही वहीत सापडत नाही. पहिलीच्या मुलाला ‘आत’ आणि ‘बाहेर’ हे शब्द कसे समजले, कोणत्या वाडीची मुले कोणत्या दिवसांत कापूस वेचावयास जातात, कोणता नाला पावसाळ्यात वाट अडवितो, ही माहिती शिक्षकाच्या मनात साठलेली असते. शिक्षकाची बदली झाली म्हणजे कार्यभाराच्या यादीप्रमाणे टेबल, खुर्ची व नकाशे नव्या शिक्षकाच्या हाती येतात. हे ज्ञान मात्र जुन्या शिक्षकाबरोबर गाव सोडून जाते.

झरी जामणी तालुक्यात ही हानी विशेष जाणवते. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणातील आदिलाबादचा मुलूख लागतो. तालुक्यात मराठीबरोबर कोलामी, गोंडी व तेलुगू या भाषा बोलल्या जातात. कोलामांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी कोलाम हा एक असून, कातकरी व माडिया गोंड हे दुसरे दोन होत. पोडावरील मूल सहाव्या वर्षी शाळेत येते तेव्हा ते मुके नसते. घरी ते दिवसभर बोलत असते. परंतु वर्गातील भाषा त्याच्या कानास परकी असते, म्हणून ते गप्प बसते; आणि गप्प बसलेल्या मुलास मंद समजण्याची चूक सहज घडते. दोन-तीन वर्षे पोडावर काढलेल्या शिक्षकास ही चूक उमगलेली असते. तो चार-दोनशे कोलामी शब्द शिकलेला असतो. त्याच्यानंतर येणाऱ्याला पहिल्या शब्दापासून आरंभ करावा लागतो, आणि या आरंभाची किंमत पहिलीतील मुले भरतात.

ज्ञानाची ही गळती थांबविण्यास उपयोगी पडेल असे एक साधन गेल्या तीस वर्षांत जगभर रूढ झाले आहे. त्यास ‘विकी’ म्हणतात.

विकी म्हणजे काय?

विकी ही संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर उघडणारी एक सामाईक वही होय. तिची पाने इंटरनेटवर असतात. ज्याला परवानगी आहे त्याने पान उघडावे, ‘संपादन’ या शब्दावर बोट ठेवावे, मजकुरात भर घालावी किंवा चूक दुरुस्त करावी आणि पान जतन करावे. तत्क्षणी नवा मजकूर सर्वांना दिसू लागतो. छापखाना, टपाल किंवा कोणाची सही यांची वाट पाहावी लागत नाही.

या युक्तीचा जनक वॉर्ड कनिंगहॅम हा अमेरिकन संगणकतज्ज्ञ. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या लोकांना आपापले अनुभव एकत्र नोंदविता यावेत, म्हणून त्याने २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी सुरू केली. म्हणजे विकीचा जन्मच मुळी एका व्यवसायातील सहकाऱ्यांच्या सोयीसाठी झाला. हवाई बेटांतील भाषेत ‘विकी विकी’ याचा अर्थ ‘लवकर लवकर’ असा आहे. होनोलुलूच्या विमानतळावर ये-जा करणाऱ्या बसगाडीचे नाव त्याला आठवले आणि तेच त्याने आपल्या वहीला दिले.

पुढे १५ जानेवारी २००१ रोजी याच पद्धतीवर विकिपीडिया हा ज्ञानकोश निघाला आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. पुष्कळ शिक्षक पाठाच्या तयारीसाठी मराठी विकिपीडिया वाचतात. तो आपल्यासारख्याच मराठी माणसांनी, विनामोबदला, मिळून लिहिलेला आहे, आणि आपणासही त्यात लिहिता येते, ही गोष्ट मात्र थोड्यांच्याच ध्यानी असते.

मिळून ग्रंथ रचण्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी सहकारी जमवून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्धीस नेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथांना विद्वानांची छाननी लाभली, हे त्यांचे बळ. उलटपक्षी, छापलेल्या खंडातील चूक नवी आवृत्ती निघेपर्यंत तशीच राहते. विकीतील चूक दिसताक्षणीच दुरुस्त होऊ शकते. मात्र ती पाहणारा व दुरुस्त करणारा माणूस हवा. विकीचे बळ तिच्या वाचकांच्या जागरूकतेत आहे.

पानाची तीन अंगे

विकीच्या प्रत्येक पानाला तीन अंगे असतात, आणि ती नीट समजली म्हणजे विकी समजली.

पहिले अंग म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. सर्वांनी वाचावयाचा तो हाच.

दुसरे अंग ‘चर्चा’. मजकुराविषयी मतभेद असल्यास तो पानावर न मांडता चर्चेच्या पानावर मांडावयाचा असतो. केंद्रशाळेतील शिक्षण परिषदेत जसा एखादा प्रश्न चर्चेस येतो तसाच तो येथे येतो. फरक एवढाच की येथील बोलणे लिहिलेले राहते आणि परिषदेस येऊ न शकलेल्या शिक्षकासही ते वाचता येते.

तिसरे अंग ‘इतिहास’. कोणत्या तारखेस, किती वाजता, कोणी, कोणता बदल केला याची आपोआप होणारी नोंद म्हणजे इतिहास. जुना मजकूर खोडला तरी तो नाहीसा होत नाही. शेरेबुकात खाडाखोड केल्यास खालचे अक्षर वाचता यावे असा दंडक असतो. विकीत हा दंडक यंत्रच पाळते. एखाद्याने अनवधानाने सगळे पान पुसले तरी इतिहासातून पूर्वीचे पान क्षणात परत आणता येते. ‘माझ्या हातून काही बिघडले तर?’ ही नवशिक्या शिक्षकाची भीती म्हणूनच अनाठायी ठरते.

मराठी विकिपीडियाने आपल्या व्यवहारासाठी घेतलेले शब्द शिक्षकांना जवळचे वाटतील असे आहेत. सरावासाठी असलेल्या पानास तेथे ‘धूळपाटी’ म्हणतात. जुन्या काळी पाटीवर धूळ पसरून मुले अक्षरे गिरवीत आणि हाताने पुसून पुन्हा लिहीत. तोच हा अर्थ. सर्वांनी जमून बोलावयाच्या पानास ‘चावडी’ म्हणतात. ज्यास विकीवर लिहिणे शिकावयाचे आहे त्याने प्रथम धूळपाटीवर दहा-पाच ओळी लिहून, पुसून, पुन्हा लिहून पाहाव्यात.

निरोपांचा गट आणि विकी यांतील भेद

आज प्रत्येक केंद्राचा व्हॉट्सॲपवर गट असतो. मग आणखी एका साधनाची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. निरोप पोचविण्यास असा गट उत्तम आहे यात शंका नाही. परंतु निरोप हा वाहत्या पाण्यासारखा असतो. सकाळी कोणी पटनोंदणीची उपयुक्त माहिती पाठविली, की सायंकाळपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि परिपत्रकांची छायाचित्रे यांखाली ती दडून जाते. पुढील वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि तेच उत्तर पुन्हा लिहावे लागते. शिवाय गटात नव्याने आलेल्या शिक्षकास पूर्वीचे सगळे निरोप आपोआप दिसत नाहीत.

विकी ही विहिरीसारखी आहे. तीत जे घातले ते साठून राहते आणि ज्यास हवे त्यास हवे तेव्हा काढता येते. निरोप गटावर द्यावा आणि ज्ञान विकीत ठेवावे, असा सोपा विवेक राखला म्हणजे दोन्ही साधने एकमेकांस पूरक होतात.

केरळचे उदाहरण

शाळांसाठी विकी चालविता येते काय, याचे उत्तर केरळने दिले आहे. त्या राज्याच्या शिक्षण खात्याने २००९ साली मल्याळम भाषेत ‘स्कूलविकी’ सुरू केली. राज्यातील १५,००० हून अधिक शाळांना तीत स्वतंत्र पान आहे. शाळेचा इतिहास, गावाची माहिती, मुलांचे लेखन व स्थानिक नोंदी शिक्षक व विद्यार्थी तेथे लिहितात. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या आज्ञावलीवर चालतो तिच्यावरच ही विकी उभी आहे. मीडियाविकी विनामूल्य मिळते आणि तिला मराठीत चालविता येते.

महाराष्ट्रातही या दिशेने पावले पडली आहेत. राज्य मराठी विकास संस्थेने जानेवारी २०१७ मध्ये भाषा संवर्धन पंधरवड्याच्या निमित्ताने मराठी विकिपीडियाच्या कार्यशाळा घेतल्या. म्हणजे विकीवर मराठीत लिहावयाचे कसे, हे शिकविण्याचा अनुभव आपल्या राज्यात आहे.

एका पानाचा नमुना

झरी जामणीसारख्या तालुक्यात प्रारंभ शब्दसंग्रहाने करणे सर्वांत हिताचे. समजा, ‘पाणी’ या शब्दाचे पान उघडले. त्यावर पुढील गोष्टी असाव्यात : मराठी शब्द, कोलामी शब्द, तो कोणत्या पोडावर ऐकला, कोणाकडून ऐकला (वृद्ध स्त्री, पालक, विद्यार्थी एवढेच), वर्गात त्याचा उपयोग कसा केला आणि नोंदीची तारीख.

कोलामीचा शास्त्रीय अभ्यास पूर्वीच झालेला आहे. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने वर्धा भागातील कोलामांकडून भाषा ऐकून घेऊन १९५५ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा असल्याचे त्यातून स्पष्ट दिसते. तिच्यात पाण्यास ‘ईर’ आणि घरास ‘एल्ला’ असे शब्द आहेत. तेलुगूत हेच अर्थ ‘नीरु’ व ‘इल्लु’ या शब्दांनी सांगितले जातात. सीमेलगतच्या शाळेतील ज्या शिक्षकास थोडी तेलुगू येते, त्याला हे साम्य पाहताच कोलामी शब्द स्मरणात ठेवणे सोपे जाईल.

आता असे समजा की, एका शिक्षकाने पानावर एक उच्चार नोंदविला. दहा कोसांवरील दुसऱ्या पोडावरील शिक्षिकेने तोच शब्द थोडा निराळा ऐकला. तिने पहिली नोंद खोडावी काय? नाही. बोली गावोगाव बदलते, तेव्हा दोन्ही उच्चार खरे असू शकतात. तिने दुसरी ओळ लिहावी व तीपुढे आपल्या पोडाचे नाव द्यावे. परंतु पहिल्या शिक्षकाच्या ऐकण्यातच चूक झाली असेल तर? तसे वाटल्यास चर्चेच्या पानावर प्रश्न मांडावा आणि दोघांनीही आपापल्या पोडावरील जाणत्या माणसांस विचारावे. या भाषेचे अधिकारी ते आहेत, शिक्षक हा केवळ नोंद करणारा आहे. चुकीचा शब्द वर्गात उच्चारला की मुले हसतात, एवढ्यावर निभावले तर ठीक. परंतु एखादा शब्द आईबापांस अपमानकारक वाटला तर शाळेविषयीचा विश्वास डळमळतो. म्हणून पडताळणी झालेल्या व न झालेल्या शब्दांत स्पष्ट खूण करून भेद ठेवावा.

हे काम केवळ हौसेचे नाही. राज्यघटनेत १९५६ साली समाविष्ट झालेल्या ३५०क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षण मिळण्याच्या सोयी करण्याचे कर्तव्य सांगितले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या २९ व्या कलमातही, शक्य तेथवर अध्यापनाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावी, असे म्हटले आहे. कोलामीत पाठ्यपुस्तक हाती नसलेल्या शिक्षकासही दोनशे शब्दांचा पडताळलेला संग्रह मिळाला, तर या कर्तव्याची पहिली पायरी त्याला चढता येईल.

शब्दांखेरीज इतर पानेही कालांतराने जोडता येतील. ऑनलाइन माहिती भरताना कोणत्या रकान्यात हमखास चूक होते, शालेय पोषण आहाराच्या नोंदी कशा ठेवाव्यात, गणित शिकविण्यास परिसरातील कोणत्या वस्तू उपयोगी पडल्या, पावसाळ्यात कोणत्या वाटेने शाळेस जावे, असे विषय त्यासाठी योग्य होत.

विकी ओस का पडते?

उत्साहाने सुरू केलेल्या पुष्कळ विकी वर्षभरात ओस पडतात. त्याची कारणे जाणून घेतली तर ती टाळता येतात.

पहिले कारण रिकामी पाने. विषयांची लांबलचक यादी करून शंभर रिकामी पाने उघडली, तर येणारा शिक्षक निराश होऊन परततो. दहाच पाने असावीत, परंतु ती भरलेली असावीत.

दुसरे कारण एकखांबी तंबू. तंत्रात निष्णात असा एक शिक्षक सगळे लिहितो आणि इतर फक्त वाचतात. त्याची बदली झाली की विकी थांबते, म्हणजे ज्या रोगावर औषध म्हणून विकी आणली तोच रोग विकीला जडतो. प्रत्येक केंद्रात निदान तिघांना तरी पाने सांभाळता आली पाहिजेत.

तिसरे कारण सक्ती. ‘प्रत्येक शाळेने दरमहा पाच नोंदी कराव्यात व अहवाल पाठवावा’ असा आदेश निघाला, की नोंदी होतात, पण त्या अहवालापुरत्या होतात. एकाने लिहिलेलीच ओळ शब्द बदलून दहा शाळा लिहितात. विकी ही उपयोगाने वाढते, मोजणीने नव्हे. अधिकाऱ्यांनी स्वतः एखादे पान दुरुस्त करून दाखविले तर त्याचा परिणाम परिपत्रकाहून अधिक होईल.

चौथे कारण संकोच, आणि ते आपल्याकडे सर्वांत प्रबळ आहे. नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षण सेवकाने मुख्याध्यापकांच्या ओळीतील चूक दुरुस्त करावी कशी? वडीलधाऱ्यांचा मान राखणे ही आपली चांगली रीत आहे. परंतु मानापोटी चूक तशीच राहिली, तर तिचे फळ मुलांना भोगावे लागते. यावर उपाय असा : विकीत दुरुस्ती लिखाणाची असते, लिहिणाऱ्याची नव्हे, ही समजूत आरंभीच सर्वांस द्यावी. प्रत्येक बदलाबरोबर कारणाची एक ओळ लिहिण्याची सोय विकीत असते. ‘पोडावरील आजींस विचारून उच्चार सुधारला’ एवढी ओळ लिहिली, की दुरुस्तीतील बोच निघून जाते. वरिष्ठांनीही आपली चूक सुधारणाऱ्याचे आभार चर्चेच्या पानावर मानावेत.

पाळावयाचे नियम

विकी मोकळी असली तरी बेबंद नसावी. पुढील नियम प्रत्येक शिक्षकाने पाळावेत.

१. मुलांची नावे, छायाचित्रे, आधार क्रमांक, आजार किंवा घरची परिस्थिती यांची नोंद विकीत कदापि करू नये. इतिहासात सर्व काही राहते, म्हणून एकदा लिहिलेली खासगी गोष्ट केवळ पुसल्याने जात नाही. चुकून असे काही लिहिले गेल्यास विकी सांभाळणाऱ्या प्रचालकास त्वरित कळवावे.

२. पाठ्यपुस्तकातील किंवा इतर ग्रंथांतील मजकूर जसाच्या तसा उतरवू नये. आपल्या अनुभवाचे व आपल्या शब्दांतले लिहावे.

३. पोडावरील गाणी, कथा व विधी यांची नोंद करण्यापूर्वी तेथील मंडळींची संमती घ्यावी. जे त्यांनी विश्वासाने सांगितले ते सगळेच जगापुढे मांडावयाचे नसते.

४. प्रत्येकाने आपल्या नावाने प्रवेश करून लिहावे. एकाच सांकेतिक शब्दाने दहा जणांनी लिहिल्यास इतिहासाची नोंद निरुपयोगी होते.

५. एका पानावर दोघे एकाच वेळी लिहू लागल्यास विकी तशी सूचना देते. अशा वेळी घाईने जतन न करता दुसऱ्याचा मजकूर आधी वाचावा.

आरंभ कसा करावा?

विकी उभारण्यासाठी तालुक्याने मोठ्या खर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. गट साधन केंद्रातील संगणक जाणणाऱ्या व्यक्तीच्या साहाय्याने मीडियाविकी बसविता येईल. ते होईपर्यंत सर्वांना लिहिता येईल असा गूगलचा सामाईक दस्तऐवजही चालेल. तो पूर्ण अर्थाने विकी नव्हे. परंतु त्यातही पूर्वीच्या आवृत्त्या जतन होतात आणि मिळून लिहिण्याचा सराव होतो.

अनेक पोडांवर इंटरनेटची रेंज मिळत नाही, ही अडचण खरी आहे. तेथील शिक्षकाने आठवडाभर शब्द साध्या वहीत टिपावेत आणि केंद्रशाळेत किंवा बाजाराच्या गावी आल्यावर विकीत उतरवावेत. मासिक शिक्षण परिषदेत अर्धा तास या कामासाठी राखला, तर ज्यांना टंकलेखनाची सवय नाही त्यांना शेजारी बसून मदत करता येईल. भ्रमणध्वनीवर बोलून मराठी मजकूर उमटविता येतो. परंतु कोलामी शब्द यंत्रास कळत नाहीत, ते हातानेच लिहावे लागतील.

पहिल्या महिन्यात पंचवीस शब्द पुरेत. पाणी, घर, आई, भूक, ये, बस, दुखते, समजले, असे की ज्यांवाचून पहिलीचा वर्ग चालत नाही. दुसऱ्या महिन्यात प्रत्येक शब्दाची पडताळणी निदान दोन पोडांवर व्हावी. तिसऱ्या महिन्यात त्या शब्दांची छापील प्रत काढून वर्गाच्या भिंतीवर लावावी. कारण विकीतील ज्ञान अखेर वर्गात उतरावे यासाठीच हा खटाटोप आहे.

पुढील बदल्यांच्या वेळी पोडावर एखादी नवी शिक्षिका रुजू होईल. पहिल्याच दिवशी दाराशी घुटमळणाऱ्या मुलास ती त्याच्या भाषेतील एका शब्दाने आत बोलावील. तो शब्द तिला कोणी शिकविला हे मुलास कळणार नाही. ते मूल आत येऊन बसेल, एवढे पुरे.